बोटं उंच उचला

टेम्पोवाला फोनवर रडवेल्या आवाजात एकच सांगत होता, "दीदी, हॉर्न मारा था... आंटी हटीच नहीं." निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मागे येणाऱ्या टेम्पोने माझ्या थोरल्या बहिणीला, मालूताईला धडक दिली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

ताई घरी किबोर्ड शिकवायची. भिंतीपलीकडे कापडाच्या लूमची खडखड, अलीकडे ताई आणि पोरं. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही एकत्र. चुकीची पट्टी दाबली की लगेच, "काळी राहिली तुझी!" पण गेली काही वर्षं तिला ऐकूच येत नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. कानाचं मशीन लाव म्हटलं की भडकायची. "बहिरीकडे संगीत शिकायला कोण पाठवेल पोरं? कुणाला सांगशील तर माझी शपथ आहे!" मला तिचा भयंकर राग यायचा. अजून येतो... मशीन असतं तर?

तिने आपली युक्ती काढली होती. पोरांसमोर खुर्ची टाकून बसायची, नजर बोटांवर. "बोटं उंच उचला, मला दिसू देत." पोरांना वाटायचं, वाजवायचं असंच असतं. वळ गावची तन्वी ठाण्याला परीक्षेला गेली, तर परीक्षक म्हणाले, "एवढी बोटं उचलायला कुणी शिकवलं?" तन्वीने येऊन नक्कल केली. ताई हसली, पण त्या दिवशी जेवली नाही.

दहाव्याला सगळे तिच्या तयार कानाचं कौतुक करत होते. तन्वीचे वडील तावातावाने म्हणाले, "बाईंना बारीक चूक पन कळायची. त्या डायवरनं हॉर्न दिलाच न्हाय. खोटं बोलतोय तो." मागे न बघता गाडी घेतली ही त्याची चूकच. पण हॉर्न त्याने दिला होता. माझ्याने राहवेना. म्हटलं, "ताईला ऐकू येत नव्हतं." तन्वीचे वडील चपला घालून निघून गेले. ताईचं नाव मीच घालवलं, असं वाटत राहिलं.

परवा शुक्रवारी, लूम बंद असताना, तन्वी आली. वडीलच सोडून गेले होते. किबोर्डवरचं फडकं तिने काढलं, ताईची खुर्ची ओढून समोर ठेवली आणि वाजवायला लागली... बोटं उंच, नेहमीपेक्षाही उंच उचलून.