सोडियम एकशे अकरा

"सोडियम एक सौ ग्यारह है. नमक किसने बंद किया?" रिपोर्टवरून नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

"मैंने," मी म्हणाले.

एकशे पस्तीसच्या खाली कमी धरतात, हे मला ठाऊक होतं. ग्वाल्हेरात तीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलंय. तरी काहीच वाटलं नाही. हातातली पिशवी तेवढी दुसऱ्या हातात घेतली.

आमच्या ह्यांना बीपी. मीठ कमी करा, असं सांगितलं होतं. मास्तरीणबाईंनी ते शून्यावर आणलं. आमटी अळणी, लोणचं-पापड बंद, पानात डावीकडे मीठ वाढणंही बंद. वर लघवीवाटे मीठ काढणारी बीपीची गोळी आणि मे महिन्यातला घाम. मी तांब्यावर तांब्या साधं पाणी पाजत राहिले. त्यांना मळमळायचं, डोकं दुखायचं. मी म्हटलं, ऊन बाधलं. मग एका सकाळी दर्पण कॉलनीतल्या आमच्याच घरात त्यांनी मला विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

ह्याला हायपोनॅट्रिमिया म्हणतात, म्हणजे रक्तातलं सोडियम घटणं. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि धनभार असलेला आयन होतो. धातू पाण्यात टाकला तर पेटतो, आयन मात्र मुकाट विरघळलेला असतो. हे आयन मज्जापेशींच्या आत-बाहेर करतात, तेव्हाच मेंदूचा निरोप पुढे जातो. रक्तात ते विरळ झाले की पाणी पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. फळ्यावर हे सगळं मी कितीदा काढलं असेल. तुम्हालाही कोणी मीठ कमी करा म्हणालं, तर चमचा दाखवून विचारा, किती.

सलाईन अगदी हळू चाललं होतं. "जल्दी बढ़ाया तो दिमाग को नुकसान होगा," डॉक्टर म्हणाले. दर सहा तासांनी रक्त घ्यायचे. एकशे चौदा. एकशे अठरा. मी बाकड्यावर बसून आकडे ऐकत होते. हे मला ओळखतील की नाही, एवढंच डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी, एकशे एकोणतीसवर, त्यांनी मला नावाने हाक मारली. आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "इतकं अळणी जेवलात, बोलला का नाहीत?"

"अगं, तू त्यातली शिकलेली. मला वाटलं, तुला कळत असेल."

वर्गात मी रोज सांगायचे, शंका आली तर हात वर करा. घरात तशी सोय मीच ठेवली नव्हती.