दाजींचा पसरट मॉनिटर

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फोटोग्राफर. स्टुडिओ म्हणजे एक काउंटर, मागे एक पडदा आणि एक कॉम्प्युटर. उभा जन्म लोकांचे चेहरे बघण्यात गेलेला, त्यामुळे चेहऱ्यांच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकायचे नाहीत. "रोज बघून डोळ्यांना सवय होते रे. फोटो बघ. फोटो खोटं बोलत नाही," हे त्यांनी मला हजारदा ऐकवलं असेल.

ताईच्या पोटातल्या गाठीचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरायला लागलं तर एक दिवसही थांबू नका. दाजींनी ते आपल्या पद्धतीने मनावर घेतलं. दर रविवारी ताईला स्टुडिओत बसवून फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून भिंतीवरच्या तिच्या जुन्या फोटोशी ताडून बघायचा. मग मला फोन. "गाल भरतायत हं!" मी दुसऱ्या गावात, नोकरीत अडकलेला. ऐकून बरं वाटायचं.

शेवटी रजा काढून गेलो. ताईने दार उघडलं आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिने दोरा गुंडाळला होता.

"अगं, काय ही दशा!"

"ह्यांना म्हटलं होतं, कपडे ढगळ होतायत. तर म्हणाले, उगाच शंका काढू नकोस, फोटोत बघ किती छान दिसतेस." ती हसली. "मलाही खरं वाटायला लागलं रे."

तसाच तणतणत स्टुडिओत गेलो. तिथे एक गिऱ्हाईक दाजींवर तोंड टाकत होतं. "ओळखपत्राला फोटो मागितला होता. हा काय महिनाभर उपाशी ठेवल्यासारखा काढलाय!"

"पुन्हा काढून देतो," म्हणत दाजींनी त्याला कसंबसं वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळले. "जुनी सिस्टिम बंद पडली, म्हणून दुरुस्तीवाल्याने हे लिनक्स टाकून दिलं. तेव्हापासून सगळे सुटलेलेच दिसतात. मग मी प्रत्येकाला थोडं बारीक करून देतो. ह्यात हात घालायची भीती वाटते बघ. तुझ्या ऑफिसात हेच आहे ना?"

आमच्या ऑफिसात हेच होतं, पण माझी अक्कल चालू-बंद करण्यापुरतीच. तरी एक गोष्ट आंधळ्यालाही दिसली असती. स्टुडिओचं गोल चिन्ह स्क्रीनवर अंड्यासारखं दिसत होतं.

चाचपडत सेटिंग्ज उघडल्या, त्यात डिस्प्ले सापडला. जुन्या, चौकोनी मॉनिटरचं माप निवडलेलं होतं आणि तेच चित्र या रुंद मॉनिटरभर ताणलं जात होतं. यादीतून मी रुंद माप निवडलं. स्क्रीन काळी झाली.

"घालवलंस?" दाजी चरकले.

स्क्रीन परत आली. मागे ताईचा गेल्या रविवारचा फोटो उघडाच होता. गाल नव्हतेच. गालांची हाडं होती, आत गेलेले डोळे होते, आणि नवऱ्याकडे बघून केलेलं हसू होतं. मधोमध एक चौकट आली होती. बदल ठेवायचा की पूर्वीसारखं करायचं? खाली सेकंद उलटे मोजले जात होते.

मी माउसकडे हात नेला तर दाजींनी मनगट धरलं. "थांब."

सेकंद संपले. स्क्रीन पुन्हा काळी झाली आणि गुबगुबीत ताई परत आली.

"बघ," ते पुटपुटले, "बरी आहे की."

माझं डोकंच फिरलं. "गिऱ्हाइकांचे गाल खोटे वाटले म्हणून कमी केलेत. ताईचे तेवढे खरे?"

दाजींनी माझं मनगट सोडलं. त्यांना ते खरं हवं होतं, म्हणून ते खरं होतं. मला त्यांचा संताप आला होता आणि तितकीच कीवही येत होती.

मी पुन्हा माप निवडलं आणि या वेळी माउस त्यांच्याकडे सरकवला. सेकंद सुरू झाले. दाजींनी भिंतीवरचा फोटो बघितला, मग स्क्रीन बघितली. अगदी शेवटी त्यांनी स्वतःच 'ठेवा'वर क्लिक केलं. मग उठले आणि भर दुपारी शटर ओढून घेतलं.

त्याच दिवशी ताईला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं आणि दुखणं सगळीकडे पसरलंय, आता फारसं काही हातात राहिलेलं नाही, असं सरळ सांगितलं. मग न राहवून दाजींना विचारलं, "इतकी खंगली, आणि तुमच्या लक्षात आलं नाही? रोज बघत होतात ना?"

ताईने पटकन दाजींच्या हातावर हात ठेवला.

"बघत होतो," दाजी म्हणाले. "फोटो काढून बघत होतो."