तीन नंबरच्या पेवातला सदतीस

भुतंखेतं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी आजही म्हणतो. फक्त हल्ली म्हणताना आवाज जरा खाली येतो...

अठ्ठ्याण्णव साल असेल. सांगलीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. हरिपूरच्या एका हळद व्यापाऱ्याला नव्याची भारी हौस. त्यानं आपल्या चार पेवांत – म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांत – टेम्परेचर सेन्सर सोडून वायरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडून घेतल्या. काम माझंच. बाकीची पेवं अठ्ठावीस दाखवायची. तीन नंबरचं, रिकामं आणि तोंड लिंपलेलं, सदतीस! सेन्सर बदलला, वायर बदलली, कॉम्प्युटरमधल्या कार्डावर वायरींच्या जागा अदलाबदल करून पाहिल्या. सदतीस त्या पेवालाच चिकटलेला.

पेवात उतरायचं काम साठीच्या अण्णांचं. त्यांना आकडा सांगितला तर म्हणाले, "जित्या माणसाच्या अंगाला असती तेवडी ऊब हाय ही." वीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ शिवा त्याच पेवात उतरला होता, आणि कोंदलेल्या हवेत गुदमरून तिथंच गेला. मी अण्णांना हसलो. आज त्याची लाज वाटते.

हळद भरायचा दिवस आला. सकाळीच झाकण काढून ठेवलं. रीत अशी, की दुपारी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तेवत राहिला तरच माणूस उतरतो. कंदील तेवत राहिला. अण्णांनी आत पाय टाकला... आणि इकडे स्क्रीनवर आकडा पडायला लागला. छत्तीस, चौतीस, एकतीस. झाकण चार तास उघडंच होतं, मग आत्ताच का? मी ऑफिसच्या खिडकीतून ओरडलो, "अण्णा, थांबा. आकडा उतरतोय."

ते येऊन माझ्यामागे उभे राहिले. आकडा अठ्ठावीसवर थांबला. त्यांनी विहिरीची लांब दोरी आणली आणि कंदील पुन्हा सोडला. तळाला टेकायच्या आत तो विझला. कंदिलाच्या नेहमीच्या दोरीचा तुकडा कुणीतरी पोती बांधायला कापून नेला होता, त्यामुळे मघाशी कंदील तळापासून पुरुषभर वरच लोंबत होता. वाईट हवा तर खालीच साचते.

"शिवा गेला," अण्णा म्हणाले. "मला वाचवलं आन् गेला." जीव वाचलेला हा माणूस घरात आत्ताच मयत झाल्यासारखा रडला.

पुढे कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. ओल, लूज कनेक्शन, खराब कार्ड... एकाचंही उत्तर मला पटलेलं नाही. सदतीस पुन्हा दिसला नाही. मी गेलो की अण्णा विचारायचे, "पावणं, तीन नंबर किती दावतंय?" मी अठ्ठावीस सांगायचो. ते मान हलवून कामाला लागायचे.

त्यांनी अंथरूण धरलं त्याच्या थोडं आधी शेवटचं विचारलं. स्क्रीनवर अठ्ठावीसच होते. मी म्हणालो, "सदतीस, अण्णा."

ते बाहेर गेले. पेवाच्या लिंपलेल्या तोंडावर तळहात टेकवून बराच वेळ बसून राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "लागतीया ऊब."