यंत्राच्या बोटांची कातडी

नरडाण्याच्या भाईदासभाऊंचा जन्म जळक्या मोटरींना नव्यानं तार गुंडाळण्यात गेला. बोलायचेही मोटरसारखे: आधी घुंऽऽ, मग एकदम सुरू. साठीत त्यांनी यंत्राचा हात केला. बोटं झकास मिटायची, पण किती दाबतोय ते हाताला कळेना. केळीच्या वखारीचे रुपचंद बघायला आले, तर हातानं पिकलं केळं चिरडलंच.

"भाऊ, तुन्हा हात शिकरण मस्त करस!" रुपचंद हसले. "बिगर डागनं केळं उचलीसन दाखाड, मंगच वखारमा ठेवसू."

मग भाऊंनी बोटांना कातडी करायला घेतली. विकतची महाग. म्हणून चिकट सिलिकॉनमध्ये जुन्या सेलची काळी पूड मळायची, पातळ लाटायची, दोन्हीकडून तांब्याची पट्टी लावायची. दाबलं की वीज जास्त वाहते, मीटरचा काटा हलतो आणि हाताला कळतं: बस, थांब.

भाऊंची कातडी कुठे जाड, कुठे फाटकी, पण काटा हलायचा. नीट लाटण्यासाठी त्यांनी बायकोला, पुष्पाबाईंना बसवलं. त्यांचे पापड म्हणजे आरपार दिसणारे! चकत्या झाल्याही तशाच, गोल, एकसारख्या. आणि काटा ढिम्म!

भाऊंनी तारा बदलल्या, मीटर बदललं. वेडंवाकडं जिवंत आणि देखणं मेलेलं, हे कसं?

"मन्हा हातले काय व्हयनं?" पुष्पाबाई हिरमुसल्या.

रुपचंद येण्याच्या दिवशी भाऊ पोळपाटासमोरच बसले. पुष्पाबाईंनी सिलिकॉनची गोळी घेतली, बोट वाटीत बुडवलं.

"वाटीमा काय शे?"

"तेल."

"कसाले?"

"तेलबिगर कोणी पापड लाटस का?"

"घुंऽऽ... हाऊ पापड शे का?"

"मंग पोळपाट कसाले मांडा?"

भाऊंनी वाटी बाजूला सरकवली. तेलाचा पापुद्रा वीज अडवत होता, आणि तेलाशिवाय गोळी लाटण्याला चिकटत होती. पुष्पाबाईंनी चिडून तीच काळी पूड पिठीसारखी भुरभुरली आणि लाटलं. काटा टुणकन हलला!

रुपचंद आले. पुष्पाबाईंनी धरलेलं केळं नवी कातडी चढवलेल्या यंत्राच्या हातानं अलगद घेतलं, खाली ठेवलं. तिघं वाकले. सालीवर काळा ठिपका.

"डाग पडना ना, भाऊ!"

भाऊ मीटरकडे बघतात, केळ्याकडे बघतात. काटा तर बरोबर थांबला होता. खोटं कोण बोलतंय?

पुष्पाबाईंनी पदरानं केळं पुसलं. ठिपका गायब.

"मन्हा बोटना शे तो. यंत्रना नही."

रुपचंदांनी केळं सोललं, आत पांढरंशुभ्र. खाऊनच टाकलं. "आते हाऊ हात लई ये वखारमा."

भाऊ अजून तेलाच्या वाटीकडेच बघत होते.