होडी परतते ते पान

पुस्तक हातात आलं की तो आधी वास घ्यायचा. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला दुकानाबाहेर काढायचा, मग ते जुनं गिऱ्हाईक का असेना. खळीचं भांडं घासल्याशिवाय जेवायचा नाही. "उद्या देतो" म्हणायचा आणि खरंच उद्या द्यायचा. पाठीला बाक आलाय असं कुणी म्हटलं की हसायचा, "पुस्तकांच्या पाठी सरळ करता करता आपली राहून गेली."

पन्नाशी उलटलेला बाइंडर. बिनलग्नाचा. घरी धाकटी बहीण.

थोरला भाऊ जहाजावर नोकरीला गेला तेव्हा हा सतराचा होता, बहीण नऊची. पुढे ना पत्र, ना निरोप. बहिणीने अन्न टाकलं. त्याच दिवसांत याला रद्दीत एका जपानी चित्रकथेचे, ‘मांगा’चे, सुटे फर्मे, दुमडलेल्या छापील पानांचे जुडगे, सापडले. तीन भागांतच बंद पडलेली मालिका, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. मुखपृष्ठ गेलेलं. लिपी कळत नव्हती, चित्रं कळत होती. समुद्रात ठिपक्याएवढी होडी. मग जवळ येणारी. मग किनारा, अंगण, आणि एका ताटात जेवणारे भाऊ-बहीण. याने फर्मे शिवले, पुठ्ठा चढवला आणि मनचे संवाद घालून रोज वाचून दाखवलं. बहीण जेवू लागली.

परवा ते पुस्तक त्याने कौतुकाने आपल्या तरुण मैत्रिणीला दाखवलं. प्रबंध बांधायला आलेली ही मुलगी पुढे रोजची झाली होती.

"काका, तुम्ही हे उलटीकडून उघडताय."

"मला शिकवतेस? जन्म गेला पुस्तकं बांधण्यात!"

"जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. हे पहिलं पान नाही. शेवटचं आहे."

त्याने पुस्तक फिरवलं. ताट. अंगण. किनारा. होडी. ठिपका. त्यापुढे काही नाही.

"म्हणजे तो गेला," तो म्हणाला.

"ताईंना कशाला सांगायचं आता?"

"दादा आला की लग्न करीन म्हणाली होती. राहिलीच तशी. माझ्या या पुस्तकाच्या भरवशावर." त्याने पुस्तक मिटून शिवण चाचपली. "आधी उसवून उजवीकडून नीट बांधतो. मग तिच्या हातात देतो. माझ्या तोंडून नाही व्हायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामाच्या टेबलावरच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मुलगी दुकानात होती तेव्हा बहीण आली. टेबलावरची पानं तिने ओळखली.

"हे कशाला उसवलं गं त्याने? चांगलं तर होतं."

मुलीने दोरा ओवलेली सुई उचलून बाजूला ठेवली.

नवा पुठ्ठा कापून ठेवलेला होता. सहा फर्म्यांपैकी चार शिवून झाले होते.