टुंईमामा आणि लिंबाखालची जीप

टुंईमामांना भेटायला माळावर जायचं, तर पँटचा पट्टा घरी ठेवून जावं लागे. विसरलात तर ते लांबूनच हात वर करत, "थांबा! तुमचं बक्कल बोंबलतंय!" मग किल्ल्या, मोबाइल, पट्टा असा सगळा ऐवज दगडावर काढायचा आणि एका हातानं पँट धरून पुढं जायचं. वडवणीच्या एका पुढाऱ्याला मी या अवस्थेत पाहिलंय. मतं मागतानाही तो इतका नम्र दिसला नव्हता.

मामांकडे धातू शोधायचं जुनं यंत्र होतं. लांब दांडा, खाली ताटली. जमिनीत लोखंड-पितळ असलं की ‘टुंई’ करायचं. दर शनिवारी ते आपली म्हातारी जीप घेऊन माळावर मुक्कामाला जात. रविवारी माझं औषधाचं दुकान बंद, म्हणून सकाळीच डबा घेऊन मी हजर. गावाला वाटे, म्हातारा निजामाच्या काळचा खजिना शोधतोय. "निजामाला कावून तरास द्यायचा?" मामा म्हणत. "मी सरूचा हंडा हुडकतो."

सरूमामी म्हणजे त्यांची बायको. तरुणपणी दोघं दर हंगामाला ऊसतोडीला जात. मागं गाव ओस पडायचं, म्हणून निघण्याआधी बाया पितळेची भांडी माळावर पुरून ठेवत. जागा नवऱ्याला सांगायची नाही, हा मामीचा कायदा. "बाप्याच्या पोटात पेला गेला, की तोंडातनं हंडा भायेर येतो," असं ती म्हणायची. आणि पुरणारीनंच आल्यावर उकरून काढायचं, हाही कायदाच. एका हंगामात ऊसतोडीवर, पाचटाच्या कोपीतच मामी तापानं गेली. मामा एकटेच परतले. पोरबाळ नव्हतं. पुढं त्यांनी कोयता सोडला, जीप चालवून पोट भरलं. पण त्या घरात चूल नीट अशी पेटली नाही. "पितळाचं काय एवढं?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तिनं हातानं ठिवलेलं तेवढंच ऱ्हायलंय, भाच्या. ते कुठं हाय, एवढं तरी मला ठावं नको?"

यंत्राचे सेल लवकर मान टाकत. माळावर वीज कुठली! मग जीप कडुलिंबाखाली लावायची, कारण अख्ख्या माळावर सावली म्हणावी अशी तेवढीच. आणि सिगारेट पेटवायच्या भोकात वायर खुपसून सेल चार्ज करायचे. या कार्यक्रमाला मामा ‘जेवणं’ म्हणत. जीप गुरगुरत सेलांना वाढायची, आणि मामा बॉनेटवर हात ठेवून, एखाद्या सुगरणीचं कौतुक करावं तसे म्हणायचे, "खाऊ घाल बाई, खाऊ घाल." जेवणं चालू असताना ते माळाकडे बघत बसत. तेव्हा त्यांच्याशी बोलायची माझीसुद्धा छाती होत नसे, आणि मी तर गिऱ्हाइकाशी खोकल्याच्या औषधावरही तासभर बोलतो!

माळानं त्यांना काय काय दिलं! बैलांच्या नाली, मोडके विळे, कुणाची तरी विसरलेली घागर. ती घागर त्यांनी डोक्यावर घेऊन, मला पुढं ताट वाजवायला लावून, वाजतगाजत त्या घरी पोचवली. घरची म्हातारी घागरीला मिठी मारून रडली. मामा हसत होते. परतताना मात्र त्यांनी जीप पुन्हा माळाकडेच वळवली.

मग एका रविवारी घोटाळा झाला. डिझेल वाचवायला मामांनी इंजिन बंद ठेवून सेल लावले होते. सेल पोटभर जेवले आणि जीप उपाशी! किल्ली फिरवली तर नुसतं कण्हणं. मामा आत बसले, मी ढकलली, उतारावर जीप गडगडत गेली आणि पार खाली जाऊन भुर्रकन सुरू झाली. मी इकडं लिंबाच्या फांदीला अडकवलेलं यंत्र काढलं, आधीच काढून घेतलेले भरलेले सेल त्यात घातले आणि उगाच मस्तीत, मामांची नक्कल करत, ताटली जमिनीवरून फिरवली.

टुंई!

"बंद कर बे! जीप जवळ असली की ते वरडतंच!" मामा खालून ओरडले.

"मामा, जीप तुमच्याजवळ हाय!"

इंजिन बंद न करताच ते चढ चढून आले. इतकी वर्षं जीप याच जागेवर उभी राहायची. तिच्या लोखंडानं यंत्र ओरडतं, म्हणून तेवढी जागा सोडून त्यांनी अख्खा माळ चाळला होता. ते खाली बसले. जमिनीवर तळहात ठेवला, बॉनेटवर ठेवायचे तसा.

"खोदू?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "पुरणारीनं काढायचं असतं. कळलं ना कुठं हाय? लई झालं."

मग उतरून गेले आणि जीप वर आणून नेमकी त्याच जागी लावली. ती पुन्हा गावात आणलीच नाही. नंतर शनिवारी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून मुक्कामाला जात. यंत्र मात्र बरोबर घेत. शोधायला नाही, जेवायला.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. रविवारी मी अजून जातो. पट्टा दगडावर काढून ठेवतो, इंजिन सुरू करतो, सेल लावतो. मग एवढा बडबड्या माणूस मी, गप्प बसून माळाकडे बघत राहतो. सेल भरतात. जीप जागची हलवत नाही.