न कापलेल्या कडा

गल्लीच्या टोकाच्या बाइंडरला लोक ‘सोमवार’ म्हणत. कुठलंही काम तो सोमवारी द्यायचा. कुठल्या सोमवारी, हे विचारणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

माणूस आळशी मुळीच नव्हता. श्रद्धाळू होता, आणि घोडं तिथंच अडायचं. प्रार्थनेशिवाय कामाला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. प्रार्थना समोरच्या पुस्तकापासून सुरू व्हायची, मग आजारी शेजारी, चर्चच्या पाळकांचा गुडघा, परीक्षेला बसलेले भाचे असं करत करत जगाच्या शांततेपर्यंत पोचायची. तोवर वाटीतल्या खळीवर साय धरलेली असे. आणि जगाच्या शांततेनंतर पुठ्ठे कापत बसणं त्याला जरा कोतेपणाचं वाटे.

सगळ्यात वरच्या फळीवर, कापडात गुंडाळलेलं आईचं बायबल तीन वर्षं पडून होतं. ते नीट बांधून थोरल्या बहिणीला द्यायचं ठरलेलं. आता ताई रविवारी लेकाकडे परदेशी निघाली होती, ती कायमची. गुरुवारी सकाळी ती दुकानात आली, स्टुलावरचे कागद बाजूला सारून बसली आणि विमान काही सोमवारपर्यंत थांबणार नाही, एवढंच तिनं सांगितलं.

‘‘रोज प्रार्थनेत नाव घेतो तुझं, ताई,’’ तो म्हणाला.

‘‘मग दोन दिवस मला वगळ, आणि ते शिवून दे.’’

त्यानं बायबल खाली काढलं. दुखणी त्याला तोंडपाठ होती. सत्तावीस पानं सुटलेली, कणा निखळलेला, कापड विटलेलं. ताईनं ऐकून घेतलं. तीन वर्षं हीच सत्तावीस पानं ऐकतेय, म्हणाली. बाकीची हजारभर टिकली, त्यांचे आभार कधी मानलेस?

मग खरं काय ते बाहेर आलं.

‘‘हात धजत नाही गं. आईनं कडेकडेला लिहिलंय. शिवल्यावर तीन बाजू कापाव्या लागतात. आईची अक्षरंच जातील.’’

‘‘मग कापू नकोस.’’

तीस वर्षांत त्याच्या दुकानातून ओबडधोबड कडेचं पुस्तक बाहेर पडलं नव्हतं. न कापता केलेल्या कामाला बाइंडिंग म्हणत नाहीत, असं त्यानं ऐकवलं. नको म्हणूस, ती उठत म्हणाली, पण कर.

ती गेल्यावर त्यानं डोळे मिटले. सवयीनं पाळकांचा गुडघा आठवला. तो त्यानं देवाच्याच हवाली केला आणि एवढंच म्हटलं, ‘‘प्रभू, हा एक फर्मा.’’ सोळा पानांचा तो जुडगा शिवून झाला. ‘‘झाला, धन्यवाद,’’ म्हणून त्यानं दुसरा उचलला. अशा प्रार्थना त्याला फारच तुटपुंज्या वाटत होत्या. पण सुई चालत होती. देवाची काही तक्रार दिसली नाही. किती उरले ते मोजायचा मोह झाला की तो शिवलेल्या फर्म्यांवर हात ठेवी. एका पानाच्या कडेला आईनं लिहिलं होतं, ‘धाकटा आज हाक न मारता उठला. देवाची स्तुती असो.’ तारीख होती. पुढची हजारभर पानं त्यानं चाळली, पण तशी दुसरी नोंद सापडली नाही.

शनिवारी दुपारी नवा पुठ्ठा चढला, पुस्तक दाबायच्या शिकंज्यात गेलं. ताई आली तेव्हा तो म्हणाला, ‘‘सहापर्यंत थांबावं लागेल. खळ वाळायचीय.’’

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं थांबायचं खरं कारण सांगितलं होतं, पण ते कोण मानणार? ताई स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि सहा वाजेपर्यंत तिनं शिकंज्यावरची नजर हलवली नाही. सहाला त्यानं स्क्रू सैल केला. ताईनं पुस्तक हातात घेतलं आणि त्या वेड्यावाकड्या कडांवरून हळूच अंगठा फिरवला.

‘‘बरं बांधलंयस,’’ ती म्हणाली, आणि पदरानं डोळे टिपले.

त्यानं फळीवरचं पुढचं पुस्तक काढलं.